फेरूचा धोटा

भिवा परब विलायतेला गेला तेव्हा त्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं असं काय होतं, तर एक करगोटा. कोट कॉनरॅडचा. कॉनरॅड भिवाच्याच गिरणीत फिटर होता, घोडपदेवला राहायचा, आणि हा कोट त्याने स्वतःच्या लग्नात घातला होता. त्यानंतर फक्त नाताळात आणि कोणाच्या मयताला. बूट युनियनच्या चिटणिसांचे, एक नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. कापूस गिरणीतून आणलेला, म्हणजे नकळत मालकाचाही या दौऱ्याला हातभार लागला. मफलर, पायमोजे, ट्रंक, दाढीचं सामान, सगळं भिवा राहायचा त्या लालबागच्या चाळीतल्या एकेका खोलीतून गोळा झालं. राधाबाईने आपल्या खानावळीतर्फे दोन बरण्या लोणचं आणि पिशवीभर कुळथाचं पीठ दिलं. भिवाची बायको-मुलं कणकवलीकडे गावी होती. तो राधाबाईकडे जेवायचा आणि रात्री तिच्याच दारासमोरच्या गॅलरीत पथारी टाकायचा, त्यामुळे त्याला आगबोटीवर घालवायला जाताना डोळ्यांना पदर लावायचा मान तिने आपल्याकडे घेतला.

या साऱ्याचा परिणाम असा झाला की सप्टेंबरअखेर भिवा परत आला तेव्हा तो एकटा परत आला नाही. चाळीचा निम्मा ऐवज परदेश पाहून आला होता. कॉनरॅडला कोटाच्या खिशात ट्रामचं एक तिकीट सापडलं, ते तो गिरणीच्या दारात उभा राहून लोकांना दाखवायचा. "माझा कोट ट्राममध्ये बसला रे युरोपच्या. मी अजून पुण्याला नाय गेलो." ज्यांच्या ज्यांच्या वस्तू गेल्या होत्या, त्या सगळ्यांचा भिवाच्या तोंडावर हक्क होता. वस्तूंना बोलता येत नव्हतं, म्हणून भिवाने बोलायचं.

त्याची निवड तशी अपघातानेच झाली होती. छप्पन सालच्या उन्हाळ्यात युरोपात कापड कामगारांची मोठी परिषद भरायची होती आणि मुंबईहून एक खराखुरा साचेवाला, म्हणजे मागावर प्रत्यक्ष कापड विणणारा माणूस, पाठवा असं युनियनला पत्र आलं. दोन खंदे उमेदवार होते. ते एकमेकांना मालकाचा माणूस ठरवता ठरवता दोघेही बाद झाले. उरला भिवा. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी अठरा दिवस तुरुंगात बसून आलेला, आवाज खणखणीत, आणि कोणाच्याच गटात नाही, कारण कुठल्याच गटाने त्याला कधी विचारलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर भिवाने परदेश फारसा पाहिलाच नाही. बोटीवर बारा दिवस तो आडवा होता. सुएझचा कालवा आला तेव्हा सगळे कठड्याशी धावले. भिवाही धावला, पण वेगळ्या कारणाने. ज्या कालव्यावरून पुढे दोन महिन्यांत तीन देश लढाईला उभे राहायचे होते, त्या कालव्याला भिवाने सकाळचा चहा आणि पाव अर्पण केला आणि पुन्हा जाऊन निजला. परिषदेत प्रत्येकाच्या कानाला लावायला एक यंत्र होतं. त्यातून सहा भाषा ऐकू येत, सातवी मराठी काही येत नसे. शेजारचा टाळ्या वाजवील तेव्हा वाजवायच्या, तो उभा राहील तेव्हा उभं राहायचं, असा भिवाने नेम केला. एकदा शेजारचा नुसताच लघवीला उठला, तर भिवा तो परत येईपर्यंत मानवंदना देत ताठ उभा होता. बाकी उकडलेले बटाटे, भाषणं, पुन्हा बटाटे.

परतीच्या वाटेवर दोन दिवस बुडापेस्टला मुक्काम पडला आणि तिथे त्यांना एका जुनाट गिरणीत नेलं. वीस मिनिटं. दारातून आत पाऊल टाकलं, साच्यांचा तो खडखडाट कानावर आला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा भिवाला वाटलं की चला, इथलं बोलणं आपल्याला कळतं. एका साच्यापाशी पन्नाशीचा एक टकल्या माणूस उभा होता. त्याने छातीवर बोट ठेवून "फेरेंत्स" म्हटलं. भिवाने छातीवर बोट ठेवून "भिवा" म्हटलं. संभाषण इथे संपलं. तेवढ्यात साचा थांबला. धोट्यातली, म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी होडीतली, सुताची कांडी संपली होती. फेरेंत्सने नवी भरली, धोटा तोंडाला लावला आणि सुताचं टोक भोकातून ओठांनी ओढून घेतलं, सर्रकन. अगदी लालबागसारखं! भिवा हसला. त्याला हसताना पाहून त्या बाबाने सूत परत मागे खेचलं आणि धोटा भिवाच्या पुढे केला: बघू तू. भिवाने धोटा तोंडाला लावला आणि सर्रकन सूत काढलं. फेरेंत्सने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की कॉनरॅडच्या कोटाची शिवण उसवली. निघताना तो धोटा त्याने कांडीसकट भिवाच्या हातात कोंबला आणि मुठीवर आपली मूठ दाबली.

एवढीच काय ती फेरेंत्सची, म्हणजे चाळीच्या फेरूची, आणि भिवाची ओळख. आणि हीच नेमकी चाळीत सांगता येण्यासारखी नव्हती.

त्याचं असं होतं. धोटा तोंडाला लावायचा म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात. म्हणून साचेखात्यात कोणी असावं आणि कोणी नसावं, हे मालकाच्या आधी साचेवाल्यांनीच ठरवून टाकलं होतं. मागच्या चाळीत राहणारा दगडू तेवीस वर्षं गिरणीत होता, पण रिंगखात्यात. सूत त्याने कातायचं आणि विणायचं भिवाने. ही शिवाशिव कायद्याने केव्हाच उठली होती, युनियनच्या ठरावाने तर दोनदा उठली होती, फक्त खात्यातून उठायची राहिली होती. अशा ठिकाणी भिवाने कोणा परमुलखातल्या, काय खातो काय पितो कळायला मार्ग नाही अशा माणसाचा धोटा चोखला म्हणून सांगितलं असतं, तर राधाबाईने त्याचं ताट काढण्याआधी गोमूत्र शोधलं असतं. गंमत म्हणजे त्या क्षणी भिवाच्या मनात यातलं काहीएक आलं नव्हतं. आलं ते बोटीवर आल्यावर. आपल्याला तेव्हा विटाळ आठवला कसा नाही, याचीच त्याला लाज वाटली, आणि मग लाज वाटली म्हणून आणखी लाज वाटली.

म्हणून पहिल्या संध्याकाळी राधाबाईने धोटा हातात घेऊन "ह्यो खयसून आणलंस?" असं विचारलं तेव्हा भिवा म्हणाला, "माझ्या एका दोस्तान् दिल्यान. फेरू म्हणान. जेवूक बोलवल्यान घरी. धुवन, फडक्यात बांधून दिल्यान."

झालं. धुण्यासाठी घर लागलं, म्हणून घर आलं. घर आलं तर त्यात माणसं हवीत.

रोज पाळी सुटली, जेवणं झाली की राधाबाईच्या दारासमोर गॅलरीत बैठक बसे. भिवा कठड्याला पाठ टेकून, बाकीचे मांडी ठोकून. दगडू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचा. वर यायला त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. फेरूला दुसऱ्या दिवशी आई आली. तिसऱ्या दिवशी गळकं छप्पर आलं, कारण जमलेल्या मंडळींना परदेशात सगळं छान आहे म्हटलं की करमत नसे. संडासाला तिकडेही रांग असते, हे ऐकून तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फेरूचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, हरामखोर निघाला, तेव्हा टाळ्या पडल्या. फेरूची आई मुलाला उशीर झाला की ताट झाकून न ठेवता स्वतः उपाशी बसते आणि वर त्याला शिव्या घालते, हे ऐकून राधाबाई म्हणाली, "बरोबर करता." तिला कुठून कळावं की भिवाने ती म्हातारी तिच्यावरूनच उचलली होती.

दहा-पंधरा दिवसांत फेरू चाळीचा झाला. कोणी उधळेपणा केला की "फेरू बघ, कसा जपून राहतो." नळावर भांडण लागलं की "फेरूच्या आवशीन् ऐकल्यान तर काय म्हणात?" खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, त्यात फेरूचा धोटाही मांडला, हळदकुंकू लावलं, आणि राधाबाईने तो उचलून देवाच्या फळीवर ठेवला तो तिथेच राहिला. हे भिवालाच ठाऊक होतं: उष्टा धोटा थेट देवाच्या शेजारी! पण आता तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. दसऱ्याला आपट्याची पानं वाटली तेव्हा दोन पानं धोट्यापुढेही पडली.

त्याच दसऱ्याला दगडू नागपूरला होता. परत आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पुन्हा त्याच पायरीवर बसला. लाखो माणसं एका मैदानात एका दिवसात धर्म बदलून उठली होती आणि त्यातला एक माणूस पाच हातांवर बसलेला होता. पण गॅलरीत त्याला कोणी प्रवास कसा झाला म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना फेरूच्या छपराचं पुढे काय झालं ते हवं होतं. त्या दिवशी सगळ्यांचं ऐकून घेऊन दगडू म्हणाला, "भिवा, एक विचारू? तुझा फेरू हितं आला, तर त्याला साच्यावर घेतील?"

"घेतील म्हणजे!" चारपाच जण एकदम म्हणाले. "दोन साचे देऊ."

"बरं," दगडू म्हणाला आणि खाली उतरून गेला. भिवाला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. एरवी तो पाठ टेकली की घोरायचा.

मग बातम्या यायला लागल्या. खानावळीत एक वर्तमानपत्र यायचं. ते आधी मोठ्याने वाचलं जाई आणि दुसऱ्या दिवशी त्यात बोंबील बांधले जात. एरवी जगाचं काय चाललंय याच्याशी लोकांचं नातं बोंबलांपुरतंच. यंदा मात्र बुडापेस्टचं नाव छापून आलं. आधी विद्यार्थी रस्त्यावर, मग गिरण्या-कारखाने बंद, मग गोळीबार. त्यातच सुएझवर बॉम्ब पडले, कालवा बंद झाला. इकडे एक नोव्हेंबरला मुंबई घातली द्वैभाषिक राज्यात. एका आठवड्यात इतकं सगळं, आणि मधे दिवाळी. लोकांना नेमका कशाचा राग करावा ते कळेना, म्हणून चकल्या बिघडल्या त्याचाही राग केला.

चार तारखेला बुडापेस्टात रशियाचे रणगाडे शिरले. दोन दिवसांनी वाचणाऱ्याने वाचलं: कामगारवस्तीत घरोघर लढाई, मेलेल्यांचा आकडा कळत नाही. राधाबाई पोळपाट सोडून दारात आली, हाताला पीठ तसंच.

"फेरू?" तिने विचारलं.

भिवा काय सांगणार? त्या माणसाचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. घर ठाऊक नव्हतं. त्याला आई होती की नाही हेसुद्धा देवच जाणे. पण तो गुद्दा पाठीत अजून होता, आणि मुठीवरची ती मूठ. तो टकल्या माणूस आता कुठे पडला असेल, असं मनात आलं आणि भिवाने हातातला घास ताटात ठेवला. इतके दिवस फेरू आपण बनवला अशी त्याची समजूत होती. आता त्याला कळलं की सगळं बनवलेलं काढून टाकलं तरी एक माणूस उरतो आणि त्याला गोळी लागू शकते.

"कागद घाल तेका," राधाबाई म्हणाली.

"कालवो बंद हा," भिवा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा सुएझ त्याच्या कामाला आला.

"मगे गाऱ्हाणा घालूया," ती म्हणाली. "आयतवारी सांजचा. तू घालायचास. तुझो दोस्त."

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय, हे मालवणी माणसाला सांगायला नको. देवापुढे नारळ ठेवून एकाने सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणून सह्या करायच्या. सभेत खोटं चालतं, कोर्टात चालतं, बायकोला लिहिलेल्या पत्रात तर चालवावंच लागतं. गाऱ्हाण्यात चालत नाही. रविवारपर्यंत भिवाचं जेवणात लक्ष नव्हतं.

रविवारी संध्याकाळी गॅलरी भरली होती, घोडपदेवहून कॉनरॅडही आला होता, पाटावर नारळ मांडला होता, त्याच्यापुढे फेरूचा फोटो नाही म्हणून त्याचा धोटा ठेवला होता, आणि तेवढ्यात कॉम्रेड रमाकांत जिना चढून वर आले. हेच ते युनियनचे चिटणीस, बूटवाले. राहायला ठाकूरद्वारला, बोलणं पुस्तकी, पण माणूस खोटा नव्हे. जानेवारीत मोर्च्याच्या पुढे होते आणि डोक्यावर पाच टाके होते. डोळे तारवटलेले. गेले काही दिवस सभेसभेत त्यांना एकच प्रश्न विचारला जात होता, कामगारांच्या राज्याने कामगारांवरच रणगाडे का घातले, आणि त्यांचं उत्तर त्यांनाच पटत नसावं.

"भिवा, पुढच्या रविवारी दादरला सभा ठेवली आहे," त्यांनी टंकलिखित दोन पानं काढली. "विषय, मी पाहिलेलं बुडापेस्ट. तू कामगार आहेस, तू तिथे राहून आलास, लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील. तिथला कामगार सुखी आहे. हा जो दंगा चालला आहे तो मूठभर गुंडांचा आणि समाजकंटकांचा. एवढंच. घोटून ठेव. आणि पुढल्या वर्षी मॉस्कोला जाणाऱ्यांत तुझं नाव मी घातलंय."

मॉस्को! कॉनरॅडने नकळत आपल्या कोटाची कॉलर चाचपली. दोन पानं वाचायची आणि पुन्हा बोट, पुन्हा ट्रंक, पुन्हा धक्क्यावर राधाबाईचा पदर. भिवाने पानं हातात घेतली.

"गुंड कोण म्हणतास?" राधाबाईने विचारलं.

"सगळेच नाहीत, बाई. पण रस्त्यावर जे मेले त्यांच्यात..."

"आमचो रघु लिंबू हाडूक गेल्लो," राधाबाई म्हणाली.

रघु तिच्याकडे जेवणारा पोरगा. जानेवारीत माशाच्या कढीला लिंबू नाही म्हणून तिनेच त्याला नाक्यावर पिटाळलं होतं, आणि तो आला तो चौघांच्या हातांवर. मुठीत लिंबू. दुसऱ्या दिवशी पत्रकात छापून आलं की गोळीबारात मेले ते गुंड आणि समाजकंटक.

"तेकाय असाच म्हटल्यानी. शब्द तेच," ती म्हणाली. "तुमीच येऊन भाषाण केलात, ह्या खोटा म्हणान. हयच उभे ऱ्हवलास. बसा आता. गाऱ्हाणा हा."

कॉम्रेड रमाकांत बसले.

भिवाने हात जोडले. पानं त्याच्या काखेत होती.

"बा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी सगळी लेकरां हय जमली हत, तेंचा गाऱ्हाणा ऐक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्याच्या पलीकडे बुडापेस्ट म्हणान गाव हा. थय फेरू म्हणान साचेवालो हा. तो खय असात थय तेका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आवशीक..." भिवा थांबला. समोर नारळ, नारळापुढे धोटा. राधाबाईचे डोळे मिटलेले. "तेका आवस हा काय नाय, माका ठावक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले.

"मी तेच्या घराक गेलंय नाय म्हाराजा! तेचा छप्पर बघूक नाय, जॉबर बघूक नाय. सगळा मी रचून सांगलंय!"

"व्हय म्हा..." अर्ध्या लोकांचे आवाज मधेच लटकले. राधाबाईने डोळे उघडले.

आता मागे फिरायला जागा नव्हती. भिवा देवाकडे बघूनच बोलत राहिला, माणसांकडे बघायची छाती नव्हती. "वीस मिन्टां तेका बघलंय. तेची भाषा माका येना नाय, माझी तेका. ह्यो धोटो तेना आपल्या तोंडाक लावल्यान आणि माका दिल्यान. मी तो तसोच तोंडाक लावलंय. धुवक नाय, पुसूक नाय. जात इचारूक नाय. इतकाच माका ठावक हा. बाकी कायएक ठावक नाय. पण तो गुंड नाय, म्हाराजा. गुंड असो उष्टो धोटो देना नाय. आणि..." त्याचा तो खणखणीत आवाज फाटला. "थयसून घराक येताना मी लाजलंय. आणि लाज लपवक ही सगळी गजाल रचलंय. माझी चूक पदरात घी म्हाराजा!"

गाऱ्हाणं घातलं आणि पुढे हुंकार नाही, असं त्या चाळीत कधी झालं नव्हतं. कॉनरॅडने तेवढ्यात क्रूस करून घेतला, कोणाच्या तरी देवाने तरी ऐकावं म्हणून.

जिन्याच्या पायरीवरून दगडू उठला. गॅलरीत आला, माणसांच्या मधून वाट काढत पाटापाशी आला आणि उकिडवा बसला. "मी आता देव मानत नाय," तो म्हणाला. "तुमच्या त्या व्हय म्हाराजात मला धरू नका." मग त्याने धोटा उचलला. त्यात फेरूची कांडी तशीच होती. तेवीस वर्षं सूत कातलेला माणूस, पण धोटा हातात पहिल्यांदाच. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, सुताचं टोक मागे खेचून घेतलं आणि भोक तोंडाला लावलं. पहिल्या झटक्याला सूत आलंच नाही, तोंडात हळदकुंकू गेलं आणि त्याला ठसका लागला. कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या वेळी सर्रकन आवाज झाला आणि पांढरं टोक त्याच्या ओठांत आलं. ते त्याने पुन्हा मागे खेचलं आणि धोटा भिवापुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "फेरूनं दिला तसाच देतोय."

भिवाला वाटलं होतं की अशा वेळी माणसाच्या मनात फार मोठं काहीतरी येत असेल. काही आलं नाही. बुडापेस्टलाही आलं नव्हतं. हळदीची चव आली, लाकडाची आली, आणि ओठांत सूत आलं. फक्त या वेळी भोवती चाळ होती आणि कोणीही डोळे मिटलेले नव्हते.

"रविवारी हेच बोलणार आहेस?" कॉम्रेड रमाकांतांनी हळूच विचारलं.

"दुसरं काय येतच नाय मला, साहेब," भिवा म्हणाला आणि काखेतली दोन पानं त्यांना परत दिली. ती घामाने भिजली होती. रमाकांतांनी ती घडी घालून खिशात ठेवली. मॉस्कोचं ते काही बोलले नाहीत, आणि भिवानेही विचारलं नाही.

राधाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने भिवाच्या हातातून धोटा काढून घेतला. ओला, हळदकुंकू फासलेला, तीन माणसांच्या तोंडचा. ती तो हातात धरून नुसती उभी राहिली, आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप मोरीकडे गेल्या. कॉनरॅड भला माणूस, त्याला वाटलं आपण मदत करावी. त्याने दारातला तांब्या उचलून पुढे केला. "पाणी घालू, बाई?"

"व्हय म्हाराजा," राधाबाई देवाकडे बघून एकटीच म्हणाली. मग कॉनरॅडकडे वळली. "धुवक नको."

आणि धोटा तिने होता तसाच फळीवर देवाच्या शेजारी ठेवला.